रक्त केव्हां द्यावें?

वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्यानें निघालें म्हणजे शहर संपतां संपतां सावंगी (मेघे) हें गांव लागतें. १९९० सालीं येथें वैद्यकीय महाविद्यालय निघालें, त्याला जोडून आचार्य विनोबा भावे यांच्या नांवाचें रुग्णालय उभें राहिलें, आणि भोंवतालच्या जिल्ह्यांतील दुखणेकऱ्यांची वाट या गांवाकडे वळली. अशा ठिकाणीं राहणाऱ्या माणसाच्या कानांवर एक प्रश्न वरचेवर येतो. ‘‘रक्त चढवावें लागेल काय?’’ हाच तो प्रश्न. विचारणारांचे दोन वर्ग आढळतात. एका वर्गाला वाटतें कीं, रक्त चढविण्याची पाळी आली म्हणजे रोगी हातचा गेलाच. दुसऱ्या वर्गाला वाटतें कीं, रक्त म्हणजे एक उत्तम टॉनिक. थोडा अशक्तपणा आला कीं एक बाटली चढवून घ्यावी म्हणजे माणूस टवटवीत होतो. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दोहोंपायीं माणसें दगावूं शकतात. मी वैद्य नव्हें. माझें आयुष्य शाळेंत इतिहास शिकविण्यांत गेलें. परंतु या प्रश्नाचें उत्तर मानवजातीस एका दिवसांत सुचलेलें नाहीं. तें हातीं यावयास साडेतीनशें वर्षें लागलीं. म्हणून इतिहासाच्या वाटेनेंच आपण आज त्याचा मागोवा घेऊं.

प्रथम रक्त जातें म्हणजे काय होतें, तें पाहूं. प्रौढ माणसाच्या अंगांत दर किलो वजनामागें सुमारें ७० मिलिलिटर रक्त असतें. म्हणजे ५० किलो वजनाच्या माणसाजवळ साडेतीन लिटरांची पुंजी असते. यांपैकीं शेंकडा १५ पर्यंत रक्त गेलें तरी धडधाकट माणसाचें शरीर तें सहसा सोसतें. रक्तदान करून मनुष्य कामावर जाऊं शकतो तो यामुळेंच. शेंकडा १५ ते ३० गेलें म्हणजे नाडी जलद होते, हातपाय गार पडतात, जीव घाबरा होतो. ३० ते ४० पर्यंत मजल गेली कीं रक्तदाब उतरतो, लघवी कमी होते, माणूस असंबद्ध बोलूं लागतो. त्याच्याहि पुढें मृत्यु दाराशीं उभा असतो. यांत एक भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. रक्त गेल्यानें दोन प्रकारचें नुकसान होतें. एक, वाहिन्यांतील द्रव कमी होतो. दुसरें, प्राणवायु वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी कमी होतात. पहिली उणीव मिठाच्या पाण्यासारख्या सलाइननें कांहीं अंशीं भरून काढतां येते. दुसरी मात्र रक्तावांचून दुसऱ्या कशानेंहि तात्काळ भरून निघत नाहीं. रक्त केव्हां द्यावें या प्रश्नाचें मर्म या भेदांत आहे.

आतां इतिहासाकडे वळूं. रक्त शरीरांत चक्राकार फिरतें हें विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यानें १६२८ सालीं सिद्ध केलें. त्यानंतर रक्त एका देहांतून दुसऱ्या देहांत नेण्याची कल्पना सुचणें स्वाभाविक होतें. १६६५ सालीं रिचर्ड लोअर यानें ऑक्सफर्ड येथें एका कुत्र्याचें रक्त दुसऱ्या कुत्र्यास दिलें. दोन वर्षांनीं, १६६७ च्या जून महिन्यांत, पॅरिस येथें झां बाप्तिस्त दनी यानें पंधरा वर्षांच्या एका मुलास कोंकराचें रक्त दिलें. तो मुलगा तापानें आजारी होता आणि त्याच्या पूर्वीच्या वैद्यांनीं उपचार म्हणून त्याचेंच रक्त वीस वेळां काढलें होतें! शरीरांतून रक्त काढणें हाच ज्या काळीं रामबाण उपाय मानला जात असे, त्या काळीं रक्त गेल्यामुळें माणूस मरतो ही गोष्ट वैद्यांच्या हिशेबीं फारशी नव्हतीच. दनीचा हेतुहि निराळा होता. त्यानें पुढें एका वेडसर माणसाला वासराचें रक्त दिलें, तें अशा समजुतीनें कीं, वासराच्या गरीब स्वभावानें त्याचें वेड शमेल. तो माणूस मेला. त्याच्या बायकोनें त्याला विष घातल्याचें खटल्यांत निष्पन्न झालें खरें. तथापि रक्त चढविण्यावर फ्रान्समध्यें निर्बंध आले, आणि पुढें दीडशें वर्षें हा उपचार जवळजवळ बंद राहिला. दनीजवळ साधन होतें, धाडसहि होतें; कारण मात्र चुकीचें होतें.

योग्य कारण सांपडलें तें सूतिकागृहांत. लंडनचा जेम्स ब्लंडेल हा प्रसूतिविद्येचा अध्यापक. मूल सुखरूप जन्मावें आणि आई मात्र रक्तस्रावानें डोळ्यांदेखत जावी, हें दृश्य त्यानें पाहिलें होतें. अशा वेळीं गेलेलें रक्तच परत देतां येणार नाहीं काय, असा सरळ प्रश्न त्यानें स्वतःस विचारला. प्राण्यांवर प्रयोग करून त्यानें ठरविलें कीं, एका जातीच्या प्राण्याचें रक्त दुसऱ्या जातीस चालत नाहीं. म्हणून माणसाला माणसाचेंच रक्त दिलें पाहिजे. १८१८ सालीं त्यानें माणसाचें रक्त माणसाला देण्याचा पहिला प्रयोग केला, आणि १८२९ सालीं प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावानें मरणोन्मुख झालेल्या एका स्त्रीला सुमारें ८ औंस रक्त देऊन तिचा जीव वांचविला. त्याचे सगळेच प्रयोग यशस्वी झाले नाहींत; जवळपास निम्मे रोगी दगावले. तरी दोन नियम त्यानें कायमचे घालून दिले: रक्त माणसाचेंच हवें, आणि तें स्वभाव बदलण्यासाठीं अगर ताप उतरविण्यासाठीं द्यावयाचें नसून गेलेल्या रक्ताच्या भरपाईसाठीं द्यावयाचें.

परंतु माणसाचें रक्त देऊनहि कांहीं रोगी कां मरत, हें कोडें ब्लंडेलला उलगडलें नाहीं. तें १९०१ सालीं व्हिएन्नाच्या कार्ल लांडस्टायनर यानें उलगडलें. एका माणसाच्या रक्तजलानें दुसऱ्याच्या तांबड्या पेशी कधीं कधीं गोळा होतात, असें त्यास दिसलें, आणि त्यावरून त्यानें माणसांचे रक्तगट पाडले. आज आपण त्यांना ए, बी व ओ म्हणतों. एबी हा चौथा गट त्याच्या सहकाऱ्यांनीं पुढच्याच वर्षीं दाखविला. लांडस्टायनरला १९३० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याचा जन्मदिवस, १४ जून, हा आतां जगभर रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो. पहिल्या महायुद्धांत हिर्झफेल्ड पतिपत्नींनीं सलोनिका येथें जमलेल्या निरनिराळ्या देशांच्या शिपायांचे गट तपासले. त्यांत हिंदी शिपाईहि होते. युरोपीय शिपायांत ए गट अधिक, तर हिंदी शिपायांत बी गट अधिक, असें त्यांस आढळलें आणि १९१९ सालीं त्यांनीं तें प्रसिद्ध केलें.

याच सुमारास रक्त टिकविण्याची युक्तिहि सांपडली. १९१४ व १९१५ सालीं ब्रुसेल्स, ब्वेनोस आयरेस आणि न्यूयॉर्क येथील वैद्यांनीं दाखविलें कीं, सायट्रेट नांवाचा क्षार बेतानें घातला असतां रक्त गोठत नाहीं. १९१७ सालीं फ्रान्समधील युद्धभूमीवर ऑस्वाल्ड रॉबर्टसन यानें असें रक्त बर्फांत ठेवून जखमी शिपायांना दिलें. आतां दात्याला रोग्याच्या शेजारीं निजविण्याची गरज उरली नाहीं. रक्त आधीं घेऊन ठेवतां येऊं लागलें. १९३७ सालीं शिकागो येथें बर्नार्ड फॅन्टस यानें अशा साठ्याला ‘बँक’ हें नांव दिलें. आपण त्याला रक्तपेढी म्हणतों. नांव मोठें समर्पक आहे. पेढींत आधीं कोणी ठेव ठेवली असेल तरच अडल्यावेळीं ती काढतां येते.

येथवरच्या कथेंत परदेशचींच नांवें आलीं. परंतु या शास्त्रांत आपल्या मुंबईचेंहि नांव कायमचें कोरलेलें आहे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत व त्याला जोडलेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया हे रक्ताची परीक्षा करीत असतां त्यांना कांहीं चमत्कारिक रक्तें आढळलीं. नेहमींच्या परीक्षेंत तीं ओ गटाचीं भासत. पण ओ गटाच्या रक्ताशींहि तीं जुळत नसत. विलायतेंतील शास्त्रज्ञांच्या साह्यानें त्यांनीं हा शोध १९५२ च्या मे महिन्यांत ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. हाच जगप्रसिद्ध ‘बॉम्बे’ रक्तगट होय. याचें रहस्य थोडक्यांत असें: आपणां बहुतेकांच्या तांबड्या पेशींवर एच नांवाचें एक द्रव्य असतें. ए आणि बी हीं द्रव्यें त्याच्याच पायावर उभारलीं जातात, आणि ओ गटांत तो पाया मोकळाच राहतो. बॉम्बे गटाच्या माणसांत मुळीं हा पायाच नसतो. त्यामुळें ‘सर्वांना चालणारें’ म्हणून नांवाजलेलें ओ गटाचें रक्तहि त्यांना विषासारखें होतें. त्यांना त्यांच्याच गटाचें रक्त हवें. आपल्या देशांत हा गट साधारणतः १०,००० माणसांत एकाचा असतो. केवळ पेशी तपासून भागत नाहीं, रक्तजलहि तपासावें लागतें आणि दात्याचें रक्त रोग्याच्या रक्ताशीं प्रत्यक्ष जुळवून पाहावें लागतें, हा धडा मुंबईनें जगापुढें स्पष्टपणें मांडला.

गट कळले, पेढ्या झाल्या, रक्त सुलभ झालें. सुलभ झालेल्या वस्तूचा उपयोग मग सवयीनें होऊं लागतो. १९४२ सालीं ॲडम्स व लंडी या अमेरिकन वैद्यांनीं सुचविलें होतें कीं, नाजूक प्रकृतीच्या रोग्यास शस्त्रक्रियेपूर्वीं हिमोग्लोबिन फार कमी असेल तर रक्त द्यावें. त्यांतून ‘१० ग्रॅम’ हा आंकडा पुढें आला आणि पुढें जवळजवळ चाळीस वर्षें तो वेदवाक्यासारखा मानला गेला. रोगी बरा असो वा अत्यवस्थ, हिमोग्लोबिन दहाच्या खालीं गेलें कीं रक्ताची पिशवी मागविली जाई. ही सवय मोडली ती संकटानें. रक्तावाटे कावीळ पसरते हें ठाऊक होतें; १९८० नंतरच्या दशकांत एड्सचा विषाणुहि त्याच वाटेनें जातो असें कळून आलें. आपल्या देशांत तर पैशासाठीं वरचेवर रक्त विकणाऱ्यांवर पुष्कळ पेढ्या अवलंबून होत्या. १९८९ पासून एड्ससाठीं रक्ततपासणी सक्तीची झाली. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें ४ जानेवारी १९९६ रोजीं निर्णय दिला, आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री बंद झाली.

मग वैद्यांनीं मूळ प्रश्न पुन्हां विचारला: दहाचा आंकडा खरा आहे काय? कॅनडांत डॉ. पॉल हेबर्ट यांनीं अतिदक्षता विभागांतील ८३८ रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खालीं गेल्यावर रक्त दिलें; दुसऱ्याला १० च्या खालीं जातांच दिलें. १९९९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तीस दिवसांत पहिल्या गटांतील शेंकडा १८·७ रोगी वारले, दुसऱ्यांतील २३·३. हा फरक निर्णायक म्हणण्याइतका मोठा नव्हता. पण अधिक रक्त दिल्यानें अधिक जीव वांचतात ही समजूत मात्र त्यानें पार ढांसळली. आज सर्वसाधारण नियम असा आहे कीं, रोगी स्थिर असेल आणि रक्तस्राव चालू नसेल, तर ७ ग्रॅमपर्यंत थांबतां येतें. हृदयविकार असेल किंवा हाडाची मोठी शस्त्रक्रिया झाली असेल तर मर्यादा ८ च्या आसपास धरतात. एका पिशवीनें हिमोग्लोबिन सुमारें १ ग्रॅमनेंच वाढतें, हेंहि रक्ताला टॉनिक समजणारांनीं ध्यानांत घ्यावें.

परंतु श्रोतेहो, येथें एक मोठा धोका आहे, आणि आजच्या भाषणांत मला तो विशेष आग्रहानें सांगावयाचा आहे. सात, आठ, दहा हे सर्व आंकडे स्थिर रोग्यासाठीं आहेत. ज्याचें रक्त या क्षणीं वाहत आहे, त्याच्या बाबतींत हिमोग्लोबिनचा आंकडा चक्क फसवितो. याचें कारण सोपें आहे. ताकाच्या भरलेल्या मडक्यांतून निम्में ताक सांडलें तरी उरलेलें ताक तितकेंच दाट असतें. तसेंच रक्त जातांना पेशी आणि द्रव बरोबरच जातात. म्हणून लिटरभर रक्त गेलेल्या माणसाचेंहि हिमोग्लोबिन पहिल्या घटकेस पूर्वींइतकेंच दिसूं शकतें. शरीरांतील पाणी हळू हळू वाहिन्यांत उतरलें, किंवा सलाइन दिलें, म्हणजे मग तो आंकडा घसरतो. अशा वेळीं कागद पाहावयाचा नसतो, माणूस पाहावयाचा असतो. नाडी धांवते आहे काय, हात गार पडले काय, रक्तदाब उतरला काय, बोलण्यांत विसंगति आली काय, आणि मुख्य म्हणजे रक्त अजून वाहतें आहे काय? वाहतें असेल तर पहिलें काम तें थांबविण्याचें. दुसरें रक्त देण्याचें. फार रक्त गेलें असेल तर एकट्या तांबड्या पेशी देऊन भागत नाहीं. रक्त गोठविणारा रक्तद्रव आणि बिंबाणु हेहि सोबत द्यावे लागतात.

आपल्या वर्धा जिल्ह्यापुरतें पाहिलें तरी या दोन्ही गोष्टींची गरज जागोजाग दिसून येते. प्रथम बाळंतिणीची गोष्ट घेऊं. दिवस भरलेल्या गर्भाशयांतून दर मिनिटाला सुमारें ६०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहतें. वार पडल्यावर गर्भाशय आंवळला नाहीं, तर थोड्या मिनिटांत काय होईल याचा हिशेब शाळेंतील मुलगाहि करील. आणि आपल्याकडील कितीतरी बायका बाळंतपणाला येतात त्याच मुळीं रक्ताची पुंजी अपुरी घेऊन. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ रक्तक्षयी आढळल्या. त्याच्याहि आधीं, २००१ ते २००३ च्या सरकारी पाहणींत देशांतील मातामृत्यूंपैकीं शेंकडा ३८ रक्तस्रावानें झाल्याचें दिसलें होतें. ज्या प्रश्नानें ब्लंडेल दोनशें वर्षांपूर्वीं व्याकुळ झाला, तो आपल्या उंबरठ्यावरून अजून हललेला नाहीं. अशा स्त्रीला प्रसूतीनंतर रक्तस्राव झाला, तर रक्तासाठीं आंकड्याची वाट पाहावयाची नसते. ट्रानेक्सॅमिक ॲसिड हें औषध तीन तासांच्या आंत टोंचल्यास रक्तस्रावानें होणारे मृत्यु सुमारें एकतृतीयांशानें घटतात, असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या, वीस हजारांवर स्त्रियांच्या पाहणींत दिसून आलें.

पण हीच स्त्री गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यांत हिंडतीफिरती असतांना तिचें हिमोग्लोबिन ८ भरलें, तर तिला रक्ताची पिशवी नको, लोहाच्या गोळ्या किंवा लोहाचें इंजेक्शन हवें. लोहानें रक्त वाढावयास कांहीं आठवडे लागतात. म्हणूनच तो उपचार वेळेवर सुरू झाला पाहिजे. चौथ्या महिन्यांतील आळस नवव्या महिन्यांत रक्तपेढीच्या दाराशीं उभा राहतो.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. या रोगांत तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. मध्य हिंदुस्थानांत त्याचा वंशपरंपरागत अंश आहे, हें नागपूरच्या डॉ. शुक्ल व डॉ. सोलंकी यांनीं १९५८ सालींच लिहून ठेवलें. विदर्भांतील पुष्कळ घरांना हा रोग परिचित आहे. सिकलसेलचे कित्येक रोगी ७ ते ९ ग्रॅम हिमोग्लोबिनवर वर्षानुवर्षें शाळा-शेती करतात. केवळ आंकडा कमी म्हणून त्यांना रक्त देणें इष्ट नसतें. उलट हिमोग्लोबिन एकदम फार वाढविलें तर रक्त दाट होऊन वाहिन्या तुंबण्याचें भय असतें. मात्र त्यांच्यापैकीं कोणाचें हिमोग्लोबिन नेहमींपेक्षां अचानक खालीं कोसळलें, छातींत विकार झाला किंवा मेंदूस धक्का बसला, तर तेंच रक्त प्राणदायी ठरतें. एकाच रोग्याला एका दिवशीं रक्त नको आणि दुसऱ्या दिवशीं तांतडीनें हवें, असें होऊं शकतें.

म्हणून रोग्याच्या आप्तांनीं ‘रक्त चढवा’ असा हट्टहि धरूं नये आणि ‘रक्त नको’ असा अडथळाहि आणूं नये. त्यांनीं दोन गोष्टी मात्र अवश्य विचाराव्या. एक, रक्त कशासाठीं देत आहां? दुसरी, पिशवीवरील चिठ्ठी रोग्याचें नांव, नोंदक्रमांक व रक्तगट यांशीं ताडून पाहिली काय? चुकीच्या गटाचें रक्त दिलें जातें तें शास्त्राच्या अज्ञानामुळें क्वचितच. बहुधा एकाची पिशवी दुसऱ्याच्या खाटेशीं गेल्यामुळें.

शेवटीं एक व्यवहाराची गोष्ट. तांबड्या पेशी पेढींत साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात; बिंबाणु अवघे ५ दिवस. रक्त कारखान्यांत होत नाहीं. उन्हाळ्यांत महाविद्यालयांना सुटी लागते, तरुण मुलें घरोघर जातात, लग्नसराई सुरू होते, आणि शिबिरें ओस पडतात. बाळंतपणें आणि अपघात मात्र सुटी घेत नाहींत. अठरा ते पासष्ट वर्षांच्या, निदान ४५ किलो वजनाच्या आणि १२·५ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या निरोगी माणसास रक्त देतां येतें; पुरुषास दर ९० दिवसांनीं, स्त्रीस दर १२० दिवसांनीं. आपल्या आप्तावर प्रसंग आला म्हणजे आपण धांवतोंच. पण त्या रात्रीं धांवून दिलेलें रक्त तपासून, जुळवून हातीं येईपर्यंत वेळ जातो, आणि ज्या रोग्याचें रक्त मिनिटामिनिटाला जात आहे त्याला तेवढा वेळ नसतो. त्याला उपयोगी पडतें तें आठवड्यापूर्वीं कोणा अनोळखी माणसानें दिलेलें रक्त. उन्हाळा तोंडावर आला आहे. ज्यांना देणें शक्य आहे त्यांनीं सुटीला गांवीं जाण्यापूर्वीं जवळच्या रक्तपेढींत एकदां जाऊन यावें, इतकीच विनंति करून मी आपली रजा घेतों.